शिडाच्या होडीने घारापुरी: निघण्याआधीची तयारी

पहिलं काम कॅलेंडर उघडून तिथी बघण्याचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीचं पाणी मुंबई बंदरात आत, घारापुरीच्या बाजूला वाहतं आणि ओहोटीचं बाहेर. म्हणून तृतीया-चतुर्थी धरा. सकाळी दहाला गेटवेहून निघालात तर पाणी तुम्हाला नेईल, साडेतीननंतर तेच परत आणेल. त्या दिवशी सोमवार नको, लेणी बंद असतात. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विचारही करू नका.

पाण्यावर एवढा भर देतोय, कारण वारा दोन्ही वेळा तोंडावर येऊ शकतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून, म्हणजे घारापुरीच्या बाजूने, मतलई वाहतो, दुपारी समुद्रावरून, म्हणजे गेटवेच्या बाजूने, खारा वारा सुटतो. मधे तासभर काहीच नाही, शीड लोंबतं आणि होडी नुसती डुलते. मला तो तास सगळ्यात प्रिय आहे. लाँच साधारण तासाभरात पोचवते, तुम्ही दोन-तीन तास हाताशी ठेवा आणि मित्रांना आधीच सांगा की संध्याकाळी कुणाला कुठेही पोचायचं नाही. तरी होडीला इंजिन आहे ना आणि त्यात पुरेसं इंधन आहे ना, हे आदल्या दिवशी नाखव्याला विचारून घ्या. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्याआधी परत यायला हवं.

लाइफ जॅकेट माणशी एक, पट्टे तपासलेलं, आणि धक्का सोडण्यापूर्वी अंगावर चढवलेलं. 18 डिसेंबर 2024 ला याच वाटेवर प्रवासी बोटीला स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली. याबाबतीत मित्राची भीड ठेवू नका. पोहता येणाऱ्यानेही घालायचं. वाटेत जवाहर द्वीपाजवळ तेलाची जहाजं असतात. ती पटकन थांबू शकत नाहीत, त्यांच्या पुढून जायचं नाही. शिडाखालची आडवी काठी वळताना सपकन फिरते. नाखव्याने हाक दिली की सगळ्यांनी डोकी खाली.

बोट लागणाऱ्याने डॉक्टरला विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी, होडीत बसल्यावर उशीर झालेला असतो. रिकाम्या पोटी येऊ नका, पण सकाळी मिसळही नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, संत्री, आलेपाक आणि थर्मासमध्ये चहा, एवढ्यावर दिवस सुंदर जातो. पाणी माणशी तीन लिटर. बेटावर उतरल्यावर खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. टोपीला दोरी हवी. बूट रबरी तळाचे, कारण धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या चढायच्या आहेत. मोबाइल, औषधं, सुका शर्ट एका जलरोधक पिशवीत. लेण्यांसाठी निदान दीड तास राखा, त्रिमूर्तीसमोर घाईने उभं राहणं मला पटत नाही. डोळे आतल्या अंधाराला सरावले की तिन्ही मुद्रा हळूहळू उमटतात. बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही, तेव्हा अंथरूण-पांघरूण घरीच. परतीसाठी मात्र एक जाडसर शाल घ्या. ओल्या अंगाला संध्याकाळचा वारा झोंबतो आणि ती नेहमी कुणाला तरी लागतेच.