शब्द बदलून बघा : उताऱ्याचं रसग्रहण कसं करावं

रसग्रहणाच्या वह्यांत हमखास भेटणारं वाक्य म्हणजे 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे.' चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव गोष्टीला सजीवासारखं दाखवणं. वाक्य बरोबर असतं, पण पुढे काहीच नसतं. त्या अलंकाराने काय साधलं आणि तो नसता तर काय हरवलं असतं, हे लिहिल्याशिवाय रसग्रहण होत नाही.

सरावासाठी मुद्दाम लिहिलेला हा उतारा घ्या. प्रसंग कोल्हापुरातला, पंचगंगेच्या पुराचा.

'पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. आजीनं देव फडताळात हलवले. पाणी पाचव्या पायरीला लागलं. आजीनं पसाभर तांदूळ सुपात काढले आणि डबा माळ्यावर चढवला. पाणी उंबऱ्याला लागलं. आजी सूप घेऊन दारात आली. म्हणाली, "आलीस? थांब, ओटी भरतो."'

पहिल्यांदा मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल नको. दुसऱ्या वाचनात जिथे शब्द पुन्हा येतो, जिथे जीभ किंवा मन अडतं, तिथे खूण करा. एवढ्या उताऱ्याला चार-पाच खुणा पुरेत. मग वहीत तीन रकाने पाडा : मूळ शब्द, बदलून घातलेला शब्द, काय गेलं. खरं विश्लेषण तिसऱ्या रकान्यात होतं.

'पाणी लागलं' तीनदा आलंय. त्याऐवजी 'पाणी वाढत वाढत उंबऱ्यापर्यंत आलं' असं लिहून बघा. माहिती तीच राहिली, पण पाण्याची एक चाल आणि आजीची एक चाल हा क्रम गेला. पुनरावृत्तीचं विश्लेषण करताना ती कुठे मोडते तेही बघायचं. दोनदा आजी वस्तू हलवते, तिसऱ्यांदा बोलते. सगळा भार त्या बोलण्यावर येतो.

आता 'आलीस?' पाणी नपुंसकलिंगी, म्हणून 'आलंस?' हवं होतं. तसं लिहून बघा : आजी नुसत्या पाण्याशी बोलतेय असं वाटतं. 'आलीस'मुळे समोर नदी उभी राहते, दाराशी आलेली माहेरवाशीण. 'नदी' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही; क्रियापदाच्या एका प्रत्ययाने ते काम केलंय. मराठीत लिंग क्रियापदात दिसतं, म्हणून प्रत्ययही तपासत जा.

'ओटी भरतो' इथे शब्दशक्ती, म्हणजे शब्दाची अर्थ देण्याची रीत, वापरा. अभिधेने, म्हणजे शब्दशः, अर्थ सरळ : ओटीत तांदूळ घालणार. व्यंजनेने, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाने, वेगळंच ऐकू येतं. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी ती निघताना भरतात. म्हणजे स्वागत आणि 'आता परत फिर' ही विनवणी एकाच वाक्यात आली. हा अर्थ ओढूनताणून काढलेला नाही, कारण सुपातले पसाभर तांदूळ आधीच आलेत. पाणी पाचव्या पायरीला असतानाच आजीनं तयारी केली होती. व्यंग्यार्थ लिहिताना उताऱ्यातलाच दुसरा पुरावा दाखवा. तो सापडत नसेल तर तो अर्थ सोडून द्या.

'भरतो' वाचून काही जण थबकतील. बाई 'भरते' म्हणेल ना? कोल्हापूर भागात अनेक बायका स्वतःबद्दल 'जातो, करतो' असंच बोलतात. त्यावरून 'आजीचा पुरुषी कणखरपणा' असा निष्कर्ष काढणं चूक. तो बोलीचा नियम आहे. मात्र 'भरते' केलं तर आजीचा आवाज गोष्ट सांगणाऱ्या निवेदकाच्या आवाजात मिसळून जातो, एवढं नक्की लिहा. बोली ठाऊक नसेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा.

तुलना केली की तंत्र जास्त स्पष्ट दिसतं. हीच घटना बातमीत अशी येईल : 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली.' 'ओलांडली'मध्येही नदीला माणूस केलंय, पण वापरून वापरून ते आता जाणवत नाही. ही रूढ लक्षणा, म्हणजे सवयीचा झालेला लाक्षणिक अर्थ. बातमी पाणी फुटांत मोजते, उतारा पायऱ्यांत. फूट सगळ्या शहराचे, पायऱ्या एका घराच्या. भीती हा शब्द न लिहिता ती पोचते, ती या मापामुळे.

लिहिताना एका परिच्छेदात एकच तंत्र घ्या, साधारण 80 ते 100 शब्दांत. आधी नेमका शब्द उद्धृत करा, मग तंत्राचं नाव, मग परिणाम, शेवटी त्यातून उभा राहणारा अर्थ. क्रम उलटला, नाव आधी आलं, की बहुतेकांचा हात तिथेच थांबतो. कच्चं वाक्य : 'चेतनगुणोक्तीमुळे उतारा सुंदर झाला आहे.' पक्कं वाक्य : '"आलीस?" या एका प्रश्नाने पुराचं पाणी घरची लेक होतं, त्यामुळे आजीला तिच्यावर रागावता येत नाही, फक्त मानाने परत पाठवता येतं.'

गोष्ट पुन्हा सांगणं ही दुसरी मोठी चूक. परिच्छेदातली दोन वाक्यं सलग 'मग आजीने' अशी सुरू झाली तर सारांश चाललाय असं समजा. लेखक आणि निवेदक यांचीही गल्लत करू नका. कविता असेल तर ओळ कुठे तुटते तेही बदलून बघा. मुक्तछंदात बरंच काही तिथेच घडतं.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या उताऱ्याला लावून बघा. 'शब्दरचना प्रभावी आहे' हे कुठेही बसतं, ते खोडा. 'लिंगबदलाने पाण्याची नदी झाली' हे फक्त इथेच बसतं, ते ठेवा.