ल्युईसची लढाई पाझर तलावाच्या उतारावर कशी मांडावी

मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवतो. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री आणि त्याचे बंडखोर सरदार पोरांना समजावायचे असतील, तर शनिवारच्या सकाळच्या शाळेत वर्ग बाहेर काढा. १४ मे १२६४ ची ल्युईसची लढाई उतारावर झाली, ती उतारावरच कळते.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर झालेले पाझर तलाव गावोगावी आहेत. भिंतीची कोरडी बाजू घ्या, पाण्याच्या बाजूला कुणालाही जाऊ देऊ नका. खाली फक्कीने दोन चौकोन आखा: एक ल्युईसचा मठ, तिथे राजा उतरला होता, दुसरा किल्ला, तिथे चोवीस वर्षांचा युवराज एडवर्ड. मध्ये एक पिंप ठेवा, ती पवनचक्की.

निघायच्या आधी भांडणाचं मूळ सांगा, पाच मिनिटं पुरतात. १२५८ मध्ये ऑक्सफर्डला सरदारांनी राजाला पंधरा जणांच्या मंडळाच्या सल्ल्याने चालायला लावलं. राजाने पुढे शब्द फिरवला. जानेवारी १२६४ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई लवाद झाला आणि त्याने सगळा निकाल हेन्रीच्या बाजूने दिला. बंडाचा म्होरक्या सायमन द माँटफर्ट हा राजाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी. हे ऐकलं की मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकतात.

आता वाटणी. राजाकडे जास्त मुलं द्या, त्याची फौज मोठी होती. सायमनच्या मुलांच्या छातीवर आणि पाठीवर खडूने पांढरे क्रूस काढा; त्याच्या माणसांनी ते खरंच लावले होते. सरदार रात्रीतून टेकडी चढून गेले होते, म्हणून ही मुलं आधीच वर जाऊन बसलेली हवीत, खालच्यांना नंतर आणा. वर एक रिकामी छकडा गाडी उभी करा, चाकांना दगड लावा आणि तिच्यावर लाल कापडावर पांढऱ्या सिंहाचं निशाण बांधा. सायमनचा पाय मोडला होता, तो गाडीतून फिरायचा. शत्रूला तो गाडीतच आहे असं वाटावं म्हणून त्याने ती टेकडीवर निशाणासकट उभी ठेवली होती.

काठ्या नकोत. पाठीवर हात लागला की गडी बाद, एवढा नियम बास.

सगळ्यात जपून करायची गोष्ट एडवर्डची. तो राजाच्या उजव्या बाजूला, त्याच्यासमोर सायमनच्या डाव्या बाजूचे लंडनकर. आदल्या वर्षी लंडनच्या पुलावर लोकांनी त्याच्या आईच्या नावेवर घाण आणि दगड फेकले होते. तो राग मनात धरून तो लंडनकरांवर तुटून पडला, ते पळाले आणि हा त्यांच्या मागे मैलोगणती गेला. म्हणून एडवर्डच्या तुकडीला खरंच लांब पळवा, पार डांबरी रस्त्याच्या अलीकडच्या बाभळीपर्यंत, सोबत एक शिक्षक देऊन. शाळेच्या स्नेहसंमेलनात करतात तसं दोन पावलं पळवून थांबवलंत, तर सगळा खेळ वाया गेला समजा. ती पोरं लांब असतानाच सायमनला उतारावरून खाली सोडा. राजाची बाजू उघडी पडलेली सगळ्यांना दिसते, राजा झालेलं पोर तर एडवर्डच्या नावाने हाका मारायला लागतं. ते त्याला शिकवावं लागत नाही.

राजाचा भाऊ रिचर्ड पवनचक्कीत लपला आणि तिथेच धरला गेला. त्याला पिंपामागे बसवा. राजाने मठाच्या चौकोनात पळायचं. एडवर्ड धापा टाकत परत येतो तेव्हा लढाई संपलेली असते. तो ओलीस राहिला आणि राजा नावापुरता.

सोमवारी वर्गात जानेवारी १२६५ ची पार्लमेंट घ्या. सायमनने परगण्यांबरोबर शहरांचेही प्रतिनिधी बोलावले होते. आपल्या ग्रामसभेशी ते जोडायला जागा आहे, तिथे वेळ घालवा.

ईव्हशॅमची लढाई (४ ऑगस्ट १२६५) पुढच्या शनिवारी, आणि तिला ओढ्याचं कोरडं वळण शोधा, कारण तिथे एव्हन नदीने तीन बाजूंनी वेढा दिलेला होता. निसटलेला एडवर्ड जिंकला, सायमन मारला गेला. कैदेतला राजा मात्र सायमनच्या रांगेत ओळख नसलेल्या चिलखतात उभा होता आणि मुलाच्याच माणसांच्या हातून मरता मरता वाचला. राजाचं काम खणखणीत आवाजाच्या पोराला द्या. आपण हेन्री आहोत हे त्याला त्या गलक्यात ओरडून सांगायचं असतं.