जबाबदारी आपली, सही कोणाची? व्यवस्थापकांसाठी एक तपासणी

व्यवस्थापकाच्या ताणाची चर्चा बहुधा कामाच्या बोजापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात मात्र कामाचा रेटा आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा या दोन्ही बाबी एकत्र तपासलेल्या आहेत. रेटा मोठा आणि मुभा तुटपुंजी असली की ताण सर्वाधिक, असे त्यांचे म्हणणे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही, ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

आपली स्थिती तपासण्यासाठी दोन आठवडे रोज संध्याकाळी एका वहीत तीन रकाने भरावेत : दिवसभरात कोणता निर्णय घ्यावा लागला, तो कोणाच्या सहीने झाला आणि तो चुकला किंवा लांबला तर जाब कोणाला द्यावा लागला. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत यंत्राचे बेअरिंग गेले. ते जवळच्या दुकानात दीड हजारात मिळते, परंतु खरेदी विभागाची मंजुरी सकाळीच मिळणार असल्याने यंत्र रात्रभर बंद राहते आणि सकाळच्या बैठकीत उत्पादन का घटले, हे मात्र उत्पादन व्यवस्थापकालाच विचारले जाते. दुसऱ्या रकान्यात इतरांचे आणि तिसऱ्यात आपले नाव असलेल्या अशा ओळींखाली लाल रेघ मारावी. माझ्या मते काम किती तास चालले यापेक्षा या लाल रेघाच अधिक बोलक्या असतात.

त्यांतली एकच ओळ निवडून वरिष्ठांकडे जावे. ‘मला मोकळीक द्या’ ही मागणी त्यांना तक्रारीसारखी वाटते. त्याऐवजी ‘पाच हजार रुपयांपर्यंतची तातडीची दुरुस्ती माझ्या सहीने व्हावी, महिनाअखेरीस हिशेब देईन, तीन महिन्यांनी आपण फेरविचार करावा’ असा मर्यादा आणि मुदत घातलेला प्रस्ताव ठेवावा. होकार मिळाला की त्याच दिवशी ईमेलने नोंद करून घ्यावी, कारण ‘अहो, तुम्हीच बघा ना’ हे तोंडी वाक्य गोष्ट बिघडल्यावर कोणालाच आठवत नाही.

अधिकार वाढले की ताण आपोआप उतरेल, असेही समजू नये. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॉर यांनी कामातील स्वायत्ततेची तुलना जीवनसत्त्वांशी केली आहे : अ आणि ड जीवनसत्त्वांप्रमाणे तिचाही अतिरेक बाधतो. विचारायला कोणीच नाही आणि प्रत्येक निर्णय एकट्याच्या माथी, अशा शाखाप्रमुखाला सुट्टीतही फोन खाली ठेवता येत नाही. म्हणून कोणत्या रकमेनंतर, कोणत्या ग्राहकाबाबत किंवा कोणत्या शिस्तभंगाच्या प्रकरणात दुसऱ्याचा सल्ला घ्यायचाच, हे आधीच ठरवून ठेवावे.

झोप उडणे, घरच्यांवर चिडचिड होणे, कामाला जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडणे असे दोन आठवडे टिकले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

तीन महिन्यांनी फेरविचाराला जाताना तीच वही पुन्हा दोन आठवडे भरावी, आणि या वेळी चौथा रकाना जोडावा : पाळीतील अदलाबदल किंवा अर्ध्या दिवसाची रजा यांसारखे, पर्यवेक्षकाला सहज घेता आले असते असे किती निर्णय आपण स्वतःच्या सहीसाठी अडवून ठेवले.