दाढेला पू झालाय हे कसं ओळखावं आणि पुढे काय करावं

कडक भाकरीचा तुकडा दाढेखाली आला की कळ जाते. मग माणूस दुसऱ्या बाजूने चावायला लागतो आणि महिने निघून जातात. कीड मात्र आत उतरत राहते.

आधी गार-गरम तपासा. गार पाण्याने दाढ शिवशिवली आणि घोट गिळताच थांबली, तर बहुधा नस अजून वाचवता येते, दाढ भरून भागतं. चहाच्या घोटाने निघालेली कळ अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळत असेल, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढत असेल, तर नस सुजली आहे. ती दाढेच्या कठीण भिंतींत कोंडलेली असते, सुजायला जागाच नसते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून उशी उंच घ्या.

ठणका अचानक थांबला तर जास्त सावध व्हा. बहुतेक वेळा तेव्हा नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात जातात आणि तिथे पू साचतो. दाढ उंच झाल्यासारखी वाटते, दात मिटताना तीच आधी टेकते आणि दुखते. हिरडीवर पुळी येते, ती फुटली की तोंडात खारट, घाण चव येते आणि बरं वाटतं. पण पुवाचं मूळ दाढेत तसंच असतं, पुळी पुन्हा भरते.

दवाखाना गाठेपर्यंत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, दोन वेळांत 6 तासांचं अंतर ठेवावं, 24 तासांत 8 च्या वर जाऊ नये. सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असतं, ते मोजणीत धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची दुसरी गोळी मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना घेऊ नका.

गालाला सूज असेल तर शेकू नका, सूज वाढू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं बाहेरून लावा. ॲस्पिरिन चुरून हिरडीवर ठेवली किंवा लवंगेचं तेल नुसतंच ओतलं तर कातडी भाजते. मिश्री किंवा तंबाखू दाबून ठेवू नका. त्याने कीड जात नाही, हिरडी बिघडते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, त्यामुळे औषध दाढेच्या आत पोहोचतच नाही. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर डॉक्टर ते देतात, तेही दाढेवरच्या इलाजासोबत. पेनिसिलिनची ॲलर्जी किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

खरा इलाज म्हणजे पुवाला वाट करून देणं आणि दाढ आतून साफ करणं. एक्स-रे काढून, बधिर करून रूट कॅनाल करतात: मेलेली नस काढतात, पोकळी जंतुनाशकाने धुतात, भरून बंद करतात. पुवाच्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन नीट लागू होत नाही, म्हणून कधी आधी पू काढून पुढच्या खेपेला बोलावतात. दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढावी लागते. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती सोडून द्या. डोळ्याची नस वेगळी असते.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकली, तोंड दोन बोटंही उघडेना, गिळता येईना, श्वास लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. सोलापुरात असाल तर सिव्हिलच्या तातडीच्या विभागात जा, गावाकडे असाल तर 108 लावा. गळ्यातली सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते.

रूट कॅनालनंतर दोन-चार दिवस चावताना दुखेल. कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण, बसेपर्यंत त्या बाजूने कडक भाकरी चावू नका, दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. कॅप लांबवलीत तर पोकळ झालेली दाढ उभी चिरू शकते आणि मग बहुधा काढावीच लागते.