परतीचा थांबा सकाळीच विचारून ठेवा

परिषदेसाठी पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्यावर बसने उतरलात आणि संध्याकाळी समोरच्या बाजूला परतीच्या बसची वाट बघत थांबलात, तर थांबूनच राहाल. रस्ता एकेरी आहे. उलट दिशेची वाहतूक शेजारच्या जंगली महाराज रस्त्याने जाते.

१. उतरतानाच कंडक्टरला विचारा, "परतीची बस कुठून?"
२. सांगितलेला थांबा जेवणाच्या सुट्टीत बघून या, पाटीचा फोटो काढा.
३. पुणे स्टेशनहून येत असाल तर मेट्रोच बरी. वनाजकडची गाडी, डेक्कन जिमखान्याला उतरायचं. स्वारगेट किंवा पिंपरीला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. तिथे उन्नत मार्गावरून थेट भुयारात उतरावं लागतं, पाचेक मिनिटं हाताशी ठेवा.

मोबाइलवरचं मेट्रोचं तिकीट बाहेर पडतानाही दाखवावं लागतं. दिवसभर स्लाइडचे फोटो काढून बॅटरी संपवू नका.