भाड्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

पुण्यात साठ लाखांचा टू बीएचके, भाडे सतरा हजार. बहुतेक जण सतराला बाराने गुणतात, ३.४ टक्के उत्पन्न धरतात आणि बुकिंगचा चेक फाडतात. पहिली चूक इथेच होते. साठ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार. किचन ट्रॉली, पंखे, गीझर, ग्रिल यांचे दोन लाख धरले, तर खरी गुंतवणूक साडेसहासष्ट लाखांची. भाडे मात्र अकरा महिन्यांचेच धरा, कारण भाडेकरू बदलताना एखादा महिना फ्लॅट रिकामा राहतोच. त्या १ लाख ८७ हजारांतून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर समजा १५ हजार, एजंटची एक महिन्याची दलाली आणि किरकोळ दुरुस्तीचे दहा हजार वजा केले की हातात उरतात साधारण १ लाख ९ हजार. म्हणजे जेमतेम १.६ टक्के.

त्यात ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३९ हजार. भाड्यातून हप्ता फिटेल हा समज सोडून द्या. दरमहा बावीस हजार पगारातून घालावे लागतील, आणि फ्लॅट रिकामा असेल त्या महिन्यात पूर्ण ३९. सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला नसेल, तर थांबा. किंमत वाढेल या आशेवर घर घ्यायचे तर जरूर घ्या, पण मग ही भाड्याची गुंतवणूक नाही हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

पुण्यात आणखी एक खर्च निसटतो. घरमालक स्वतः राहत असेल तर महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती राहत नाही. त्यामुळे विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या बिलावर हिशेब बेतू नका.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आधी मागा. ते नसेल तर पुढे पाणीजोडणी, कर्ज, विक्री असे सगळेच अडू शकते. जुना फ्लॅट असेल तर सूची क्रमांक दोन (खरेदीखत नोंदल्याचा उतारा, इंडेक्स टू), सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि शेवटचे वीजबिल पाहा. पार्किंग तोंडी मान्य करू नका, करारात लिहून घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अकरा महिन्यांचा करार नोटरी करून भागवणे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे सर्रास सांगितले जाते, पण महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि नोंदणी टाळून वाचते किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्का, त्यात परत करायच्या डिपॉझिटचा वर्षाला १० टक्के भाग मिळवून. वरच्या उदाहरणात डिपॉझिट पन्नास हजार असेल तर हे शुल्क पाचशेच्या आतच बसते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो.

करारासोबत सामानाची यादी, भिंती-नळांचे फोटो आणि ताबा देतानाचे मीटर रीडिंग जोडा. वीजजोडणी तुमच्या नावावर असते, त्यामुळे भाडेकरूने थकवलेले बिल तुमच्याच गळ्यात येते. डिपॉझिट परत करण्याआधी शेवटचे बिल भरल्याची पावती घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. पोलीस आयुक्तांचा आदेश असलेल्या शहरांत न कळवल्यास गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. ते जास्त लावत असेल, तर बिल तपासा. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्या.

परदेशात राहणाऱ्या मालकांनी हे आधीच सांगून ठेवावे: मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून कर कापावाच लागतो, भाडे कितीही लहान असो. भाडेकरूला हे माहीत नसते आणि नोटीस त्याच्याच नावाने येते.

मुदत संपली तरी भाडेकरू हलत नसेल, तर वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका. तक्रार तुमच्यावरच उलटते. नवा करार न करता भाडे स्वीकारतही राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. या अर्जाला नोंदणीकृत करार जोडलेला असला, की अटी सिद्ध करण्यासाठी वेगळे साक्षीपुरावे शोधावे लागत नाहीत.