एप्रिलच्या उन्हात कड्यावरचा सडा कसा पाहावा

सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, बघायचा तर पावसाळ्यात, असं गोव्यात कुणीही सांगेल. खरंच आहे ते. तेरडा आणि सीतेची आसवं तेव्हाच फुलतात. पण त्यामुळे मार्च-एप्रिलमधल्या सड्याला लोक सरळ 'पडीक' म्हणून मोकळे होतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक सकाळ काढा आणि स्वतःच बघा.

समुद्रावर कडा असलेली जागा निवडा. उत्तरेत शापोरा किल्ल्याचा परिसर आहे, दक्षिणेत काणकोण तालुक्यातला काब द राम. माझी पसंती काब द रामला, कारण तिथे कड्याला लागूनच झाडी आहे. एप्रिलमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. उजाडताना तुम्ही वर असायला हवं. नऊनंतर जांभा तापतो आणि पक्षी सावलीला जातात. पायात बूट, डोक्याला टोपी, माणशी २ लिटर पाणी, आणि मिळाली तर दुर्बीण. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. जांभ्याच्या खाचांत बोटभर माती असते आणि पावसाळी फुलांचे कंद, बिया त्यातच निजलेल्या असतात.

सुरुवात कडेच्या झुडपांपासून करा, आणि आधी नाकाने. काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास लांबूनच येतो. करवंदीवर, म्हणजे आपल्या 'कांटां'च्या जाळीवर, हिरवी फळं आणि उशिरा आलेली पांढरी फुलं एकदमच दिसतात. अंजनी मात्र शोधावी लागते: चकचकीत पानांचं झुडूप, आणि फुलं शेंड्याला न येता थेट काडीला चिकटलेली, निळ्या-जांभळ्या झुपक्यांनी. कुंभा रात्री फुलतो, म्हणून वर बघण्याआधी झाडाखाली बघा. गळालेल्या केसरांचे पांढरे-गुलाबी झुबके पडलेले असतात. दुपारपर्यंत ते काळवंडतात.

आता मोकळ्या सड्यावर या. दहा पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा दहा. इथे खरा मान माळटिटवीचा. डोक्यावर काळी टोपी, चोचीपाशी पिवळी लोंबती कातडी, पाय पिवळे. ती उन्हाळ्यातच अंडी घालते, तीही उघड्या जमिनीवर. घरटं म्हणजे चार खडे सारून केलेला उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळपट डाग. दोन हातांवरून पाहिलं तरी ती जांभ्याचे खडेच वाटतात. ऊन चढलं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. लांब बसून हे एकदा पाहिलं, की सडा ओसाड आहे असं तोंडातून निघणार नाही.

टिटवी ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालू लागली किंवा पंख मोडल्यासारखं करू लागली, तर समजा घरटं जवळ आहे. तिथेच थांबा आणि ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे नको. तुम्ही तिथे उभे असाल तितका वेळ अंडी उन्हात उघडी पडतात.

कड्याच्या टोकाशी उभं राहू नका. जांभा खालून पोखरलेला असतो. पाच-सात मीटर मागे बसा आणि समुद्राकडे बघा. विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार. तिच्याहून बराच मोठा, पोट पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या आणि शेपूट आखूड असा दिसला तर तो समुद्रगरुड. मासे आणि समुद्रसाप हे त्याचं खाणं. सकाळी पाणी शांत असेल तर डॉल्फिनची पाठही दिसून जाते.

खाली वाळूत उतरलात तर मर्यादवेलीची जांभळट फुलं आणि रावणाच्या मिशा, म्हणजे वाळूतलं टोकदार गवत, ओलांडून जा, तुडवू नका. दोन्ही वाळू धरून ठेवतात. आगोंद किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण दिसलं तर बाहेरूनच पाहा.

घरी गेल्यावर तारीख, जागा आणि जे फुललं होतं ते वहीत लिहा. टिटवीची जागा जवळच्या झुडपाच्या खुणेने लक्षात ठेवा आणि चार आठवड्यांनी परत जा. तोवर खळगा बहुधा रिकामा झालेला असेल. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की लगेच चालू लागतात, आणि आई ओरडली की जागच्या जागी खड्यासारखी दबून बसतात. म्हणून त्या दिवशी पाय उचलण्याआधी खाली नीट बघा.